कपाटासमोर उभा राहणारा

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. फोनवर बोलायला गेले असते तर मध्येच विषय बदलून मोकळी झाले असते, म्हणून लिहायला बसले. बसले कसली, एक ओळ लिहिते आणि उठते. घाबरू नकोस, तुझा पत्ता अजूनही घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

आधी आपल्या कॉम्प्युटर गेमचं सांगते. लहानपणी जो खेळताना आपली पाचावर धारण बसायची, त्याचा पुढचा भाग आपण दोघं हौसेनं करतोय आणि त्याचे जुने चाहते नमुना खेळून आपल्याला यथेच्छ नावं ठेवतायत. राक्षसाचे दात बघून लोक हसले, रक्त बघून कंटाळले. तू पाठवलेल्या किंकाळीला तर एकानं चक्क शिंक म्हटलं. पण एका ठिकाणी भल्याभल्यांची बोबडी वळली, आणि ते ठिकाण म्हणजे माझा निव्वळ गलथानपणा. खेळणारा कपाटात लपला की राक्षसानं दार उघडायला हवं. ती हालचाल गेममध्ये घालायचीच मी विसरले. त्यामुळे तो येतो, कपाटासमोर थांबतो आणि नुसता उभा राहतो. फटीतून त्याची पावलं तेवढी दिसतात. मग निघून जातो. लोक लिहितात, अंगावर आला असता तर परवडलं असतं, हे उभं राहणं सहन होत नाही. एकीनं विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? मी कळवलं, चुकून झालं.

तुला वेगळं सांगायला नको. तू आईच्या कपड्यांत डोकं खुपसून बसायचास आणि मी तुझ्या तोंडावर हात दाबून धरायचे. बाबांच्या पट्ट्याच्या बकलाचा आवाज खोलीभर फिरून कपाटापाशी थांबायचा. बाहेर सापडलो की काय व्हायचं ते तुझ्या खांद्यावर अजून आहे. पण कपाटाचं दार त्यांनी कधीच उघडलं नाही. मला अजूनही स्वप्नात मार दिसत नाही रे, फटीतले बूट दिसतात.

काल ती चूक दुरुस्त करत होते, तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. हल्ली चहा तेच करतात, अर्धा बशीत सांडतो. पडद्यावर तो कपाटासमोर उभा होता. मला वाटलं, म्हणतील, काय हा पोरखेळ. ते बघत राहिले आणि म्हणाले, "मला माहीत असायचं, तुम्ही आत आहात ते." मग कप माझ्यापुढे ठेवत, "उघडून तोंड काय दाखवू, तेच कळायचं नाही." मला असा संताप आला की कप भिंतीवर फेकावासा वाटला. आपण आत भीतीनं अर्धमेले, आणि हा माणूस बाहेर लाजत उभा होता म्हणे! विश्वास ठेवावा की नाही, तेही कळत नाही. तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

त्यानंतर त्यांनी तुझा पत्ता मागितला. फोन नंबर देऊ का विचारलं, तर नको म्हणाले, समक्ष जायचंय. आज बूट पुसून दारापाशी ठेवलेत. पत्ता द्यायचा का, ते तू ठरव. दिला तर ते येतील आणि बेल न वाजवता तुझ्या दारासमोर उभे राहतील, मी ओळखते ना त्यांना. तुला आतून पावलं ऐकू येतील, आणि या वेळी तुझ्या तोंडावर हात ठेवायला मी नसेन. दार उघडलं नाहीस, तरी मी तुला बोल लावणार नाही.

तुझीच,
कपाटातली ताई