देव उजव्या हाताला

आंजर्ले, ५ जानेवारी

चि. भार्गवीस श्रीपतीदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून हे पत्र. गेल्या माघी उत्सवाला ती गाडीने कड्यावर देवळापर्यंत आली, पण गुडघ्यांनी एक प्रदक्षिणाही होऊ दिली नाही. खुर्चीत बसवून फिरवतो म्हटलं, तर दुसऱ्याच्या पायांची प्रदक्षिणा मला लागत नाही म्हणाली. तेव्हापासून तिला तीच रुखरुख लागून आहे.

आता तू तिला तुझ्या लेकाकडे, गंधारकडे, गोव्याला विमानाने नेणार आहेस. विमान आपल्या किनाऱ्यालगत जातं म्हणतात. निदान वरून तरी तिला गणपती दिसू दे. तेव्हा खिडकी उजवीकडची घे. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, तसाच इथेही हवा.

मोहोर यंदा बरा आहे. मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती राहू दे.

तुझा दादा

---

डोंबिवली, १२ जानेवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आधी आईनेच उघडलं! आता ऐक. तुझ्या भाचीने, आर्याने, मोबाईलवर नकाशा दाखवला. गोव्याला जाताना उजवीकडे नुसता समुद्र, कोकण सगळं डावीकडे. उजवीकडे बसवून आईला काय दाखवू, बांगडे?

पण आईने तुझंच धरलंय. देव डाव्या हाताला येणार असेल तर विमानात पाय ठेवणार नाही म्हणते. मी म्हटलं, खुर्ची नको होती, मग विमान कसं चालतं? तर म्हणाली, विमानात सगळेच बसलेले असतात, त्यात लाजायचं काय!

गंधार रोज फोन करतोय आणि तिकिटं अडलीयत. घोळ तू घातलास, तूच निस्तर. वहिनीला म्हणावं, कुळथाचं पीठ संपलं. रागावलेय, पण लोभ कमी करू नकोस.

भार्गवी

---

आंजर्ले, १९ जानेवारी

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा खरा. अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो, तर समुद्र उजव्या हातालाच. मग तुळशीला गणपती मानलं. एका बाजूने आगगाडी होऊन खाली आलो, दुसऱ्या बाजूने विमान होऊन वर गेलो. आवाजही काढत होतो. तुझी मालनवहिनी दारातून बघत होती. फवारणीचं औषध डोक्यात गेलं का, असं विचारलंन.

पण तुळस दोन्ही वेळा उजव्या हाताला राहिली आणि फेरी पुरी झाली! रेल्वे आपल्या पूर्वेने, डोंगरापलीकडून जाते. विमान पश्चिमेने, समुद्राच्या अंगाने. तेव्हा जाताना गाडीने जा, येताना विमानाने या. दोन्हीकडे उजवीच खिडकी. आईची प्रदक्षिणा याहून निराळी ती काय?

विमानाची वेळ कळव. मी देवळापाशी उभा राहीन. पीठ पाठवतोय, राग सोड.

दादा

---

डोंबिवली, ८ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

सुखरूप परत आलो. जाताना गाडीत आईने उजवी खिडकी कुणाला दिली नाही. येताना आकाश इतकं स्वच्छ होतं की खाड्या, पुळणी, सगळं खाली मांडून ठेवल्यासारखं. दाभोळची खाडी मागे गेली तशी आर्या म्हणाली, आजी, आता आंजर्ले! आईने चटकन हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले. आम्ही दोघी हलवतोय, अगं बघ, बघ! तिने डोळे उघडले तेव्हा हरिहरेश्वरही मागे गेलं होतं.

मला रडू यायचं बाकी होतं. आई मात्र एवढी खूश, की हवाईसुंदरीलाही सांगितलं, प्रदक्षिणा झाली म्हणून. काय दिसलं विचारलं, तर म्हणाली, जो दिसायचा तो दिसला.

एवढं खिडकीवरून भांडलो ते कशासाठी, तूच सांग. असाच भांडत राहा.

भार्गवी

---

आंजर्ले, १४ फेब्रुवारी

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

आईला रागावू नकोस. मी वेळेवर देवळापाशी उभा होतो. समुद्रावर विमान चमकलं. त्यात आई आहे या विचाराने माझेही हात जुळले, आणि पुढचं तुला सांगायला नकोच. डोळे उघडले तेव्हा आकाशात नुसती पांढरी रेघ होती.

मालनने तेवढे डोळे उघडे ठेवले होते. आईला सांग, विमान देवाला उजव्या हाताला ठेवूनच गेलं. तिच्या सुनेने पाहिलंय.

दादा