पुलापलीकडे कोणी राहत नाही

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! खोली झकास आहे. खिडकी मोठी, टेबल जरा डुगडुगतं. घरमालकीण काकू इतक्या बोलक्या, की बॅग उघडायच्या आत ‘लग्न का नाही केलंस?’ विचारून मोकळ्या. फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं झालं, माझं काम कोणीतरी करतंय.

माझं इथलं काम असं: वीज साठवायच्या अवाढव्य बॅटऱ्यांचं केंद्र या गावात उभं राहणार आहे. ते कुठे, यावर लोकांशी बोलून साहेबांना सांगायचं.

५ तारीख

केंद्र सगळ्यांनाच हवंय, फक्त दुसऱ्याच्या दारात. टेकडीवाले म्हणतात बाजारामागे बांधा. बाजारवाले म्हणतात आग लागली तर आमची दुकानं जातील, टेकडीवर न्या. टेकडीवर नगराध्यक्षांच्या मेहुण्याचा बंगला, म्हणून तिथे घोडं अडलेलं. शेवटी पुलापलीकडच्या माळावर एकमत झालं. तिथे कोणी राहत नाही म्हणे. सुंठीवाचून खोकला गेला!

६ तारीख

माळ पाहून आले. तिथे घरं आहेत. चांगली नांदती, दारात कपडे वाळत घातलेले. एक बाई ओट्यावर शिवणयंत्र चालवत होती. मी हाक मारली तर दचकलीच. पाणी दिलं. म्हणाली, तुम्ही नव्या ना, म्हणून अजून दिसतो आम्ही. पण आमच्यासाठी भांडू नका हो. मागे तो मोजणीवाला भांडला, तो आता शेवटच्या घरात असतो.

शेवटच्या खिडकीत खरंच एक माणूस होता. गळ्यात आमच्याच कंपनीचं ओळखपत्र.

७ तारीख

साहेबांना अगदी हाताला धरून माळावर नेलं. ते घरांमधून चालत गेले आणि म्हणाले, छान, सपाट जागा आहे. दोरीवरची ओली चादर त्यांच्या तोंडावरून घसरली. त्यांनी कोळिष्टक पुसावं तसा गालावरून हात फिरवला. शिवणारी बाई माझ्याकडे बघत मान हलवत होती — नको, नको.

रात्रभर डोळा लागला नाही.

१० तारीख

सभा झाली. मी उठून बोलले. तिथे माणसं राहतात, त्यांना विचारा, म्हटलं. कोणी वळूनही पाहिलं नाही. मी ओरडले. नगराध्यक्ष म्हणाले, कोणाची हरकत दिसत नाही. टाळ्या. शेजारच्या बाईंनी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

११ तारीख

काकू माझी खोली कोणालातरी दाखवत होत्या. रिकामीच आहे कधीची, म्हणाल्या. मी पलंगावर बसले होते. काकू, अहो काकू, म्हणत राहिले. त्या चादर ओढून काढायला लागल्या — माझ्याखालून.

आईला फोन केला. हॅलो, हॅलो, म्हणाली. मग मागे कोणालातरी — कोणी बोलतच नाही गं. ठेवला.

१२ तारीख

कचेरीत नवा माणूस. मी खुर्चीतून उठायच्या आत तो बसला. त्याचं वजन — थंडगार — माझ्यावर नाही, माझ्यातून —

पूल ओलांडून पळत आले. शिवणाऱ्या बाईनं आत सरकून जागा केली.

१३ तारीख

यंत्रं आली. शेवटचं घर पाडलं. मोजणीवाला दारात हात पसरून उभा होता. मग दार नव्हतं. तोही. चालकानं इंजिन बंद केलं, चहा प्यायला.

दुपार

यंत्र आता इकडे वळलंय. बाई ओट्यावरून उठत नाही. जायचं कुठे, म्हणते. ती माझं मनगट सोडत नाही.

चालक सरळ माझ्याकडे बघतोय — नाही. मागच्या भिंतीकडे. मी माझं नाव ओरडून सांगतेय. त्यानं क्षणभर थांबून कान टवकारले — थांबला — थांबलाय! — ऐकलं असेल, अजून एकदा जोरात —

त्यानं फक्त आरसा नीट