माठावर ठेवलेले हात

प्रिय गिरजा,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून जिवंतपणी एकही पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण सकाळी आपली सुमन मला पाहून दचकली आणि त्यानंतर शाळेत माझं कशातच लक्ष लागलं नाही.

पाणी भरून झालं होतं. माठावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून ती उभी होती, अगदी तुझ्यासारखी. माझी चाहूल लागताच तिनं फडकं उचललं. "काही नाही बाबा, माठ पुसून राहिली होती." दहा वर्षांची पोर आपल्याच घरात खोटं बोलली.

तुला आठवतं? बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मी घरातले सगळे देव नदीत सोडले. मग अमरावतीला बदली झाली, दारात नळ आला. रोज माठ भरला की तू क्षणभर तशी उभी राहायचीस. मला वाटलं, हिचे देव काही सुटले नाहीत. एकदा चार शेजारी बसले असताना मी ओरडलो, "देव सोडले अन् आता माठाले पुजून राहिली का?"

"पूजा नाही जी. घडीभर थांबते फक्त," तू म्हणालीस. चौघेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून तू भराभर पाणी भरायला लागलीस. बायको सुधारली म्हणून मी मनातून खूश होतो. किती मूर्ख असावं माणसानं?

आज संध्याकाळी सुमनला जवळ घेऊन विचारलं. तिनं आधी माझा चेहरा निरखला. मग म्हणाली, "आई म्हणे, मामाच्या गावी विहिरीले आपला हात चालत नव्हता. कोणी वरून ओतलं तवाच पाणी भेटे. आता आपल्या हातानं भरतो, तर भरलं म्हणून जरा कळू द्यावं जिवाले."

मला का नाही सांगितलंस, गिरजा? पोरीला सांगितलंस. मी मास्तर माणूस, मला समजलं नसतं? बहुतेक नसतंच समजलं.

मीही मघाशी माठावर हात ठेवून पाहिले. गार वाटलं, आणि लगेच उद्याची हजेरी, सुमनच्या वेण्या, संपत आलेलं रॉकेल. मन काही थांबेना. तुझ्यामागं मला यातलं काहीच जमत नाही.

सुमनला म्हटलं, "तू कर बेटा, मी रागावणार नाही." तिनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नाही. तो कसा बसवावा हे कुणाला विचारू?

रविवारी त्या चौघांना चहाला बोलावलं आहे. तुला जे बोललो ते चुकलं, असं त्यांच्यासमोर सांगेन. हसले तर हसू देत. तू ऐकायला नसशील. पण माणसं आली की सुमन दाराआड उभी राहते, हे मला माहीत आहे.

तुझा,
मास्तर