मामंजींचा एकटा राजा

३ तारीख, सकाळ.
देवाच्या कृपेने बुद्धिबळात मामंजींना सलग दुसऱ्यांदा हरवलं. तरुणपणी त्यांनी कपांवर कप जिंकले. मी साधी मॅट्रिक, मोबाइलवर खेळ शिकून महिनाही झाला नाही. उपजत बुद्धी, दुसरं काय!

५ तारीख.
पैज लागली. मी जिंकले तर मामंजी वृद्धाश्रमात जाणार, त्यांची खोली देवाला. नाही जिंकले तर विषय कायमचा बंद. हे कुरकुरले, बाप आहे माझा. मी म्हटलं, मग देवाने काय जन्मभर फळीवर राहायचं? मामंजी एवढंच म्हणाले, सूनबाई, फुकटचं दिसलं की तू सोडत नाहीस ना? माझ्या काटकसरीचं कौतुक पहिल्यांदाच झालं.

८ तारीख.
त्यांची बॅग भरली. चेन तुटकी आहे, सुतळीने आवळली. चांगली बॅग तिथे कशाला? स्वेटर मात्र काढून घेतला आणि उसवला. देवाला आसन होईल. म्हाताऱ्या माणसाला तसंही काय कळतंय थंडी न् ऊन.

१० तारीख, दुपार.
उद्या डाव. मामंजींचा चष्मा देवामागे ठेवलाय. डोळ्यांना तेवढीच विश्रांती. विचारलं तर सापडत नाही म्हणेन. मी शोधतच नाहीये, तेव्हा खोटंही नाही.

११ तारीख.
मामंजी चाचपून खेळले. आधी घोडा घालवला, मग वजीर. बिचारे एकेक सोंगटी पुढे आणून ठेवत होते, मी उचलत होते. शेवटचं प्यादंसुद्धा घेतलं. उरला कोपऱ्यात एकटा राजा. मी वजीर सरकवून देवाला हात जोडले.
मामंजी म्हणाले, शह आहे का? म्हटलं, शह कशाला हवा, हलायलाच जागा नाही, संपलात तुम्ही! ह्यांनी मोबाइलवर नियम वाचला. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. मग हे हसायला लागले. लग्नापासून इतके कधी हसले नव्हते.
मामंजी म्हणाले, एक प्यादं सोडलं असतंस तर मला चालावं लागलं असतं गं. आता देवामागचा चष्मा आण, तुझं तोंड बघू दे.

१२ तारीख.
बरोबरी म्हणजे काही हार नव्हे. त्यांचा एक राजा उरला, माझं सगळं सैन्य.
बॅग सोडताना माझीच गाठ मला सुटेना. सुतळी कापावी लागली.
स्वेटर पुन्हा विणायला बसले आहे. मामंजी चष्मा लावून समोरच बसलेत. टाका चुकला की सांगतात.