सुहाची क्रियापदं

८ एप्रिल १९९४, शुक्रवार
सुहाचं तिकीट झालं. बावीसला मनिला, आजीकडे. बायको गेली; आमिनाचा चाळीसावा होऊन आठवडाही नाही झाला. इथे आखातात माझी एअरपोर्टवर शिफ्ट, घरात तिसरं माणूस नाही — पाच वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर ठेवू? दापोलीला महमुदाला विचारलं होतं. सख्खी बहीण माझी! उत्तर आलं — ‘भाई, ती आपल्या आईवर गेलीय, फिलिपिनी. आपल्यात कशी निभणार? तिकडेच बरी.’ पत्र फाडून टाकलं.

११ एप्रिल
वर्षभरात हिंदी विसरेल, सगळे सांगतात. मग फोनवर बापाशी बोलणार कशात? म्हणून मीच तिच्या आईची भाषा, टागालोग, शिकायला घेतलंय. मास्तरीण सुहा. आमिना माझ्यासाठी हिंदी शिकली. मी सात वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

१४ एप्रिल
काइन म्हणजे खाणं. खाल्लं — कुमाइन. शब्दाच्या पोटातच ‘उम’ घुसवतात. खातोय — कुमाकाइन. खाणार — काकाइन. रांधलं म्हणताना मात्र पुढे ‘नाग’ — नागलुतो. का? ‘मम्मी ऐसे बोलती थी.’ भात खाली लागला.

१९ एप्रिल
रडणं — इयाक. रडलो — उमियाक. मीच विचारलं. नको होतं विचारायला.

२२ एप्रिल
गेली. सोबत आमिनाची मैत्रीण आहे. रोज लोकांचं सामान चढवतो, आज तिची बॅग चढवली. जाताना शर्ट धरून म्हणाली, ‘पापा, मैं तंग नहीं करूंगी. रहने दो ना.’ मी घड्याळ बघितलं. काय माणूस आहे मी. एअरपोर्टजवळच्या मुहर्रकच्या खोलीवर पायी आलो.

२० मे
कॅसेट भरून पाठवली. दहा मिनिटं, सगळं टागालोगमध्ये. कँटीनमधल्या फिलिपिनी पोरींकडून तपासून घेतलं. उत्तर नाही.

२४ जून, शुक्रवार
आज फोन लागला. तिकडे दुपारचे तीन. आजीने हाक मारली. मागून सुहाचा आवाज आला, हळू — ‘सबिहिन मो, नातुतुलोग आको.’
आजी फोनवर परतली. ‘सुहा स्लीपिंग,’ म्हणाली. मी ओके म्हणालो.
सांग, मी झोपलेय. एकही शब्द अडला नाही.