वाट कुणाच्या दारावरून

रोक्का फेरुला, ता. ९ मार्च १९९८

चि. सांतिना हीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या वहिनीला परवा इस्पितळातून घरी आणलं. जीव वाचला हेच पुष्कळ. उजवं अंग गेलं आहे आणि वाचा पूर्ण बंद. डॉक्टर म्हणतात, ओर्तेंझियाला सगळं समजतं. मला काही खात्री नाही. मी समोर बसून बोलत राहतो, ती छताकडे बघत राहते. भिंतीशी बोलल्यासारखं.

पहिले चार दिवस गल्लीतल्या बायका सूप घेऊन आल्या. पाचव्या दिवसापासून प्रत्येकीला काही ना काही काम निघालं. मी वनखात्यात चौतीस वर्षं काढली, जखमी लांडगा बरा केला, पण बायकोचे केस विंचरायला मला जमत नाही. तुझ्या हाताला सेवा आहे. आईचं एकोणीस वर्षं केलंस, पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस, गाव अजून नाव काढतं. तेव्हा आता डोंगरावरचं घर बंद कर आणि खाली ये. त्या घरात आहे तरी काय? घळीचा वारा आणि डोंगर तुडवत फिरणारे परदेशी पायपिटे. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे.

ईस्टरच्या आत आलीस तर बरं होईल. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा दादा,
प्रॉस्पेरो

डोंगरावरून, ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेंढपाळ ब्याजोने आणून दिलं. वहिनींचं वाचून फार वाईट वाटलं. ब्याजोबरोबर ताजं, मऊ रिकोत्ता चीज पाठवते आहे, ते त्यांना गिळता येईल.

येण्याचं मात्र जमणार नाही. आईचं केलं ते ती आई होती म्हणून. त्या एकोणीस वर्षांत तू किती वेळा वर आलास ते तूच आठवून बघ. एका हाताची बोटं पुरून उरतील. वहिनी एकदाच आल्या होत्या. खोलीला वास येतो म्हणाल्या आणि निघेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिल्या.

आई गेली तेव्हा मी पन्नाशीला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि आज काय करावं असा प्रश्न मला जन्मात पहिल्यांदा पडला. मग त्या पायपिट्यांपैकी कुणीतरी दार वाजवून पाणी मागितलं. आता आठ खाटा आहेत, दादा, आणि जूनमध्ये आठही भरतात. हॉलंडचे विलेम मास्तर आणि त्यांची बायको यंदा चौथ्यांदा येणार आहेत. ते तळलेल्या सुक्या मिरच्या चण्यासारख्या खातात आणि आपली भाषा इतकी वाईट बोलतात की मला हसून हसून बसावं लागतं. वाट माझ्या दारावरून जाते, म्हणून मला माणसांची तोंडं दिसतात. नाहीतर बीच झाडांच्या रानात मी आणि कोंबड्या.

बायको तुझी आहे. केस विंचरायला शीक. राग मानू नकोस. असलेली माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सांतिना

रोक्का फेरुला, ता. ११ मे

चि. सांतिना हीस अ. आ.

तुझ्या उत्तराचा मी राग मानला नाही. लहान बहिणीची जीभ लांब असायचीच.

एक बातमी कळवायची आहे. गिरिभ्रमण मंडळाने यंदा वाटांच्या खुणांचं काम माझ्याकडे सोपवलं आहे. निवृत्त माणसाला पाय मोकळे करायला निमित्त. सगळ्या वाटा चालून पाहिल्यावर माझं मत असं झालं की घळीच्या काठाने, म्हणजे तुझ्या घरावरून जाणारी वाट पावसाने खचली आहे आणि धोक्याची आहे. म्हणून ती पलीकडच्या धारेने वळवली. तिकडे जुनी धनगरी झोपडी आहे, झराही आहे. मोठ्या बीच झाडाजवळच्या फाट्यापासून तुझ्या दारापर्यंतचे लाल-पांढरे पट्टे मी स्वतः राखाडी रंगाने बुजवले. एकसष्ट पट्टे होते. कंबर मोडली. आता फाट्यावरून सगळे उजवीकडे जातात.

तुलाही आता जरा विश्रांती मिळेल. मागच्या खोलीला नवे पडदे लावलेत.

येण्याची वाट पाहतो.
प्रॉस्पेरो

डोंगरावरून, ता. १४ जून

ती. दादास सा. न.

वाट खचली आहे म्हणे. त्याच वाटेने ब्याजो तीनशे मेंढ्या नेतो, एक घसरलेली नाही.

बत्तीस दिवस दारावर माणूस आला नाही. लांबून धारेवरून जाणाऱ्यांच्या रंगीत पिशव्या दिसतात. एकदा मी ओट्यावर उभी राहून टेबलक्लॉथ हलवला. त्यांनी मला खुशालीचा हात केला आणि पुढे गेले. भिजवलेले घेवडे कोंबड्यांना घालते आहे. कोंबड्या लठ्ठ झाल्यात, अंडी देत नाहीत.

पण माझ्याकडे खिडक्यांना लावलेला लाल रंग उरला होता, आणि भिंतीचा चुना. गेल्या तीन दिवसांत फाट्यापासून दारापर्यंत माझे पट्टे मी काढलेत. तुझ्यासारखे सरळ नाहीत, पण ओळखू येतात. काल चार जर्मन मुली आल्या आणि भांडं चाटूनपुसून गेल्या. चौकातल्या कॅफेत तुला कुणी विचारलं तर सांग, की म्हातारीने रंगकाम शिकून घेतलं.

वहिनींना नमस्कार. तुलाही, तू मोठा आहेस म्हणून.
सांतिना

रोक्का फेरुला, ता. २ जुलै

चि. सांतिना हीस,

तुला कळलं असेलच. विलेम मास्तर काल इस्पितळात वारले. दीड दिवस घळीत पडून होते. पाठीचा कणा आणि कंबर, दोन्ही मोडली होती. फाट्यावर बायकोला म्हणाले, तू सावकाश ये, मी पुढे होऊन सांतिनाबाईला चूल पेटवायला सांगतो. आणि चुकीच्या बाजूने उतरले.

फौजदार माझ्याकडे येऊन गेला. फाट्यापाशी कुणाचे पट्टे होते, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, बघून सांगतो. तू चुना आणि खिडकीचा रंग वापरून खुणा केल्यास, हे अजून मी बोललो नाही. तुझं पत्र माझ्या कपाटात आहे. परवानगीशिवाय खुणा करणं आणि त्यातून माणूस जाणं, याला कायद्यात काय म्हणतात ते तुला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे.

मी तुझा भाऊ आहे. जे माझ्या घरात आहे, त्याला मी बाहेर जाऊ देत नाही. तू माझ्या घरात ये.

प्रॉस्पेरो

डोंगरावरून, ता. १२ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

त्यांची बायको तीन दिवस माझ्याकडे होती. आनेके नाव. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ती मात्र माझाच हात धरून बसायची. जाताना म्हणाली, की विलेमला वर्षभर या घराची स्वप्नं पडायची, तुम्ही त्याला फार सुख दिलंत. मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन ओकले.

मी फाट्यावर दहा वेळा जाऊन आले. माझा पहिला पट्टा झाडावर आहे आणि दुसरा वीस पावलांवर. मध्ये फांदी आली की दिसत नसेल का? मी अजून एक काढायला हवा होता का? रंग संपत आला होता म्हणून मी अंतर वाढवलं, दादा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता डोळे मिटले की तीच वीस पावलं दिसतात.

मी येते. कोंबड्या ब्याजोला देते, खाटा आवरते, ऑगस्टच्या पंधरा तारखेचा मेरीचा सण झाला की खाली येते. मागची खोली मला चालेल. फौजदाराला काही सांगू नकोस.

तुझी,
सांतिना

रोक्का फेरुला, मंगळवार

प्रिय वन्सं,

डाव्या हाताने लिहिते. मंगळवारी नर्स येते, ती शिकवते. तिनेच हे टपालात टाकायचं कबूल केलं. तुमच्या दादाला माहीत नाही. अक्षराला हसू नका.

मी बोलत नाही म्हणून तो मला सगळं सांगतो. जेवण भरवताना सांगतो. तुमचे पट्टे बघून तो पेटला. फाट्याखाली जुनी शेळ्यांची वाट घळीत उतरते, तिथे दगडांवर त्याने दोन पट्टे काढले. तुमच्यासारखे वाकडे. तुमचे पाहुणे तासभर काट्यांत भटकावेत आणि तुम्हाला शिव्या घालत परतावेत, एवढंच. म्हातारा पार खाली उतरेल हे त्याच्या मनात नव्हतं, असं म्हणाला. म्हातारा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन टर्पेंटाइनने दोन्ही पुसले. घरी आला तेव्हा मला वास आला. मग सूप भरवताना म्हणाला, सांतिनाला वाटतंय तिचीच चूक. वाटू दे.

तुमची चूक नाही.

तुम्ही येऊ नका. मी तेव्हा ओट्यावर बसून राहिले होते, आठवतं. ते माफ करा असं म्हणत नाही. ही चिठ्ठी फौजदाराला द्या. मग मला शहरात नन्सच्या आश्रमात ठेवतील. मला तेच हवंय. तो चमचा फार जोरात घालतो.

पण आधी फौजदाराला द्या. तुमच्या दादाला कळू देऊ नका.

ओर्तेंझिया

डोंगरावरून, ता. ९ ऑगस्ट

प्रॉस्पेरो,

मी येत नाही.

शेळ्यांच्या वाटेवरचे दोन पट्टे तुझे होते. वाकडे काढलेस, माझ्यासारखे. दुसऱ्या दिवशी पुसलेस. महिनाभर मी मला खुनी समजत होते, आणि तू पडदे लावून वाट बघत होतास.

कसं कळलं म्हणून डोकं खाजवू नकोस. ज्या भिंतीशी तू बोलत होतास तिला डावा हात आहे. सगळं लिहिलेलं माझ्याजवळ आहे, सहीसकट. ते फौजदाराला द्यावं अशी वहिनींची इच्छा आहे. चार दिवस मी ती चिठ्ठी चोळीत घालून फिरले. ठाण्याच्या दारापर्यंतसुद्धा गेले. पण चौकशी लागली की घळीच्या बाजूची सगळी रानवाट कायमची बंद करतील, आणि मग माझ्या दारावर जन्मात कुणी येणार नाही. विलेम मास्तर त्याने परत येणार नाहीत. म्हणून दिली नाही.

तर ऐक. सप्टेंबर लागायच्या आत वाट माझ्या दारावरून परत आण. तुझ्या हाताने, सरळ पट्टे. मंडळाच्या नकाशावर माझ्या घराचं नाव छापायला लाव. हे झालं तर चिठ्ठी माझ्या पेटीत राहील. नाही झालं तर चिठ्ठी कुठे जाईल, ते तुला ठाऊक आहे.

वहिनींना त्रास देऊ नकोस. माझं लक्ष आहे.

सांतिना

रोक्का फेरुला, ता. ६ सप्टेंबर

चि. सांतिना हीस अनेक आशीर्वाद.

तुझं काम झालं. मोठ्या बीचपासून तुझ्या दारापर्यंत बहात्तर पट्टे काढले, पूर्वीपेक्षा अकरा जास्त. नवा नकाशा छापायला गेला, त्यात तुझं घर आहे, शेजारी खाटेची खूण आहे. पलीकडच्या धारेची वाट धोक्याची ठरवून बंद केली. मंडळाने विलेम मास्तरांच्या नावाने एक बाक बसवायचं ठरवलं आहे. तो मी तुझ्या दारापाशीच बसवून घेतो. माणसं बसतील, कॉफी मागतील. ऑक्टोबरात पानं लाल होतात तेव्हा शहरातून दोन बसगाड्या येणार आहेत, घेवडे जास्त भिजव.

इकडे सगळं ठीक. तुझ्या पत्रानंतर मी ओर्तेंझियाच्या तब्येतीकडे जास्त लक्ष द्यायचं ठरवलं. लिहिण्याने तिच्या डोळ्यांवर फार ताण येत होता, म्हणून पेन्सिली आणि वह्या उचलून ठेवल्या. मंगळवारच्या नर्सला कळवलं की आता यायला नको, घरचं माणूस समर्थ आहे. डाव्या हाताला कंप सुटतो, तो जेवताना मध्ये येतो, म्हणून जेवणापुरता पट्ट्याने खुर्चीला बांधतो. खोलीही बदलली. रस्त्याकडच्या खोलीत आवाज फार. मागची खोली शांत आहे.

आता मी तिला काही सांगत नाही. फक्त तुझं पत्र एकदा वाचून दाखवलं. पूर्ण, सावकाश. 'म्हणून दिली नाही' इथपर्यंत आलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणत होते ते खरं आहे, तिला समजतं सगळं.

नाताळला जेवायला ये. तू आलीस तर तिला बरं वाटेल. बहीणभावांत जे झालं ते झालं. आता तुझं तुझ्याकडे आहे आणि माझं माझ्याकडे. अशीच माया ठेव.

ओर्तेंझियाचा नमस्कार, तिच्या वतीने मीच लिहितो.

तुझा दादा,
प्रॉस्पेरो