नितळ पाण्याची शाई

लातूर,
१७ मे १९८३

प्रिय नासिर,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे, हे ओळखायला तुला या वेळी जरा वेळ लागला असेल. त्याचं कारण पुढे येईल. तुझं कार्ड शनिवारी मिळालं. शकिलाला जाऊन चाळीस दिवस होतात, चाळिसाव्याला सोमवारी नांदेडला ये, अम्मी वाट बघतेय, असं तू लिहिलंस. खाली दोन ओळी आणखी आहेत. तिचा अर्ज परत फिरवणारा तो माणूस सापडला का, हे एका ओळीत. आणि तू निब घासणं बंद केलंस, सहाणेचा तुकडा कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलास, हे दुसऱ्या ओळीत. ती दुसरी ओळ वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. सोमवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. वाचून झाल्यावर मला आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

इथे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. आमच्या नीलाबाईने घरातली सगळी भांडी ओळीने मांडून ठेवली आहेत, त्यांत देवाचा तांब्याही आला. तरी तुझ्या डायरीच्या वेष्टणाबद्दलचा तिचा हट्ट तसाच आहे. दरवर्षी तू बकऱ्याच्या कातड्याचं एक वेष्टण शिवून पाठवतोस, मेणाच्या दोऱ्याचा बारीक टाका, आत मऊ अस्तर, पेनासाठी बाजूला नळी. मी त्यावरून बोट फिरवत बसतो आणि ती म्हणते, "लिंगाच्या कोनाड्याकडं ते आणू नका. कातडं ते कातडं. चपलांच्या फळीवर ठेवा, न्हाईतर तुम्हीच जाऊन बसा तिथं." वीस वर्षं झाली, माझी डायरी चपलांशेजारीच राहते. तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसला होतास. अम्मी तर म्हणाली होती, "बराबर हाय तिचं. लिहितोस काय, हे त्या चपलांनाच कळू दे."

नांदेडच्या वजिराबाद पेठेतलं तुमचं ते दुकान आठवतं. आपण बी.ए.ला होतो, तास बुडवून तुझ्या अब्बांच्या फळीवर बसायचो. अब्बा आरीने कातड्याला भोकं पाडायचे आणि तू निबं घासायचास. त्यासाठी आमच्या घरातली फुटकी सहाण मी चोरून आणून दिली होती. चंदन उगाळलेल्या दगडावर निब जसं गुळगुळीत होतं तसं कशावर होत नाही, असं तू म्हणायचास. तुझी धाकटी बहीण शकिला तेव्हा आठ-नऊ वर्षांची, परकराच्या ओच्यात धुतलेली निबं घेऊन बसायची. शाईची वडी कालवायचं काम तिचं. तू तिला शिकवलं होतंस, पाणी नितळ पाहिजे, गढूळ पाण्याची शाई घातली की निबाच्या फटीत गाळ बसतो आणि मग पेन कामातून जातं. एकदा कुणा गिऱ्हाइकाने ओढ्याचं पाणी घातलेलं पेन दुरुस्तीला आणलं, तर ही एवढीशी पोर त्याला म्हणाली, "चाचा, म्हशीला पाजायचं पाणी पेनाला पाजलं का?" तिच्या लग्नात तू दोन निबं एकाच दिवशी घासलीस, तिरकी, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक उमटवणारी. एक तिला दिलंस, एक मला. तशी रेघ पुन्हा कुणासाठी काढली नाहीस.

आता कचेरीचं सांगतो. नवा जिल्हा झाला आणि माझी बदली इथे झाली, तेव्हा आमच्याकडे भाड्याची जागा, चार टेबलं आणि कोऱ्या कागदांचे गठ्ठे होते. जुन्या कचेरीत कुठलीही गोष्ट कशी करायची ते सांगणारा एखादा म्हातारा कारकून असतो. इथे तसं कुणी नव्हतं. त्यामुळे जो पहिल्यांदा एखादी गोष्ट करेल, त्याचीच पद्धत ठरायची. टंचाई शाखेत टँकरच्या अर्जांचं टेबल माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात मी एक पाटी लिहून भिंतीला चिकटवली. अर्ज शाईनेच लिहिलेला असावा, डावीकडे समास सोडलेला असावा. तुझ्याच निबाने लिहिली होती, आणि इतकी देखणी उतरली की साहेबांनी दारातून थांबून पाहिली. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं, मागाहून कुणी गावाचं नाव बदलेल, असं कारण मी मनाशी धरलं होतं. गेल्या पंधरवड्यात मी सगळी परिपत्रकं काढून वाचली. असा नियम कुठेही नाही. तो माझा होता. पेन्सिलीने लिहिलेला अर्ज मला बघवत नव्हता, एवढंच त्याच्यामागे होतं.

दफनाच्या दिवशी मुरुडकडच्या त्या गावात आपण बाभळीखाली बसलो होतो. निजामोद्दीन बायकोबद्दल एखाद्या परक्या बाईविषयी बोलावं तसा बोलत होता, कोरडा. "दोन डाव लिहिला तिनं अर्ज. गावात दुसऱ्या कुणाला धड लिहाय येत न्हाई. हिरीत गाळ लागलेला. घरात वडी होती, पेन होतं, पर म्हणाली, ह्या चिखलाची शाई भाईच्या पेनात घालणार न्हाई. पेन्सिलीनं लिहिला. त्यो कचेरीतल्या कुण्या शहाण्यानं फिरवला. मंग गाडग्यात पाणी नितळत ठेवलं दोन दिस, कपड्यातून गाळलं, वडी कालवली आन पुन्हा लिहिला. शंकरप्पा सरपंच पुन्हा घेऊन गेले. आन बुधवारी ही घागर घेऊन हिरीत उतरली, तर वरची कड ढासळली." तू मान खाली घालून म्हणालास, माझ्या पेनापायी गेली. मग माझ्याकडे वळून म्हणालास, अप्पा, तू त्याच कचेरीत आहेस, तो शहाणा कोण ते मला शोधून दे, मला त्याचं तोंड बघायचंय. मी शोधतो म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द गेला, आणि त्या वेळी मला उत्तर माहीत होतं.

खरंच माहीत होतं का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. रोज एवढे अर्ज येतात, एखादा विसरलाही असेन, असं म्हणून पाहिलं. पण मी डायरी लिहिणारा माणूस. घरी येऊन तुझ्या वेष्टणातून डायरी काढली. ४ एप्रिल, सोमवार. त्यात लिहिलंय: "मुरुडकडचा एक अर्ज पेन्सिलीत. अक्षर फार चांगलं, समासही सोडलेला. शाईने लिहून आणा म्हणून परत केला." अक्षर फार चांगलं, हे मी पाहिलं होतं, नासिर. शंकरप्पा समोर उभे होते. म्हणाले, "साहेब, बाईनं लई मन लावून लिहिलंय, चालवून घ्या की." मी पाटीकडे बोट दाखवलं. खाली गावकऱ्यांचे अंगठे होते, लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं. पेन्सिलीत निबाची रेघ नसते, म्हणून हात ओळखू आला नाही. पण नाव माहीत असतं तर चालवून घेतला असता, असं म्हणणं म्हणजे ओळखीच्या माणसाच्या गावालाच पाणी द्यायचं, असं झालं. त्यात लपायला जागा नाही.

दुसरा अर्ज ११ तारखेला आला. त्या दिवशीचं पान तर मला वाचवत नाही. जाड उभी रेघ, बारीक आडवी. मी बघताक्षणी ओळखली. शेजारच्या टेबलावरच्या मन्मथला हाक मारून कागद दाखवला, म्हणालो, बघ, नांदेडला माझा मित्र आहे, त्याच्या हातची ही रेघ. अर्ज त्याच दिवशी वर पाठवला, टँकर मंजूर झाला, आणि मी खुशीत घरी गेलो. १३ तारखेला ती विहिरीत उतरली. १४ला टँकर गावात पोचला. पहिला अर्ज ठेवून घेतला असता तर सात तारखेला पोचला असता. हे मी उलटसुलट मांडून पाहिलं, दिवस कमी होत नाहीत. मधले सात दिवस त्या गावाने काय प्यायलं, हेही मी शंकरप्पांना विचारलेलं नाही.

चार दिवसांपूर्वी पाटी काढली. साहेबांना सगळं सांगितलं, लेखी दिलं. ते म्हणाले, "ईश्वरप्पा, तुमचा हेतू वाईट नव्हता, आता विषय वाढवू नका." मन्मथ म्हणाला, "बदली मागा, गप जा." दोघांनी मला मोकळं केलं आणि मला त्याने काहीच हलकं वाटलं नाही. त्यांची बहीण गेलेली नाही.

तू माणूस शोधून मागितलास, तो हा. तुझ्या पेनाने तिचं काही केलेलं नाही. तू शिकवलेलं तिने पाळलं, एवढंच. मी माझ्या टेबलावर जो हट्ट धरला त्याने ती गेली. तेव्हा सहाणेचा तुकडा माळ्यावरून काढ आणि निबं घासायला लाग, तिच्या जाण्याचा दोष तुझ्यावर नको. सोबत ४ आणि ११ एप्रिलची पानं फाडून पाठवतो, म्हणजे मी मागाहून शब्द सावरून घेतले असं वाटायला नको. तू दिलेलं पेन आणि या वर्षीचं वेष्टण उद्या वेगळ्या पुडक्यातून परत पाठवतो. हे पत्र मी पेन्सिलीने लिहिलंय. दोनदा टोक केलं, आणि सबंध पत्रात एकही शब्द खोडलेला नाही. तू ते शाईने लिहून आण म्हणून परत केलंस, तर पुन्हा लिहीन. सोमवारी पहिल्या एसटीने निघतो. अम्मीला मी सांगू की तू सांगशील, एवढं मला दुकानाच्या दारात सांग. आत बोलावलं नाहीस तर मी फळीवर बसणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझाच,
ईश्वरप्पा